बारा फुटांचा पाहुणचार

दिवाळीच्या चार दिवसांत आपल्याला घराचे खरे माप कळते. एरवी ऐसपैस वाटणारी खोली भाऊबीजेच्या रात्री गाद्या घालायला घेतल्या की आखडते. आणि आखडली म्हणता म्हणता तिच्यात आणखी दोन माणसे मावतात. घर केवढे, हे फुटपट्टी सांगते. ते पुरते का, हे सांगणारी पट्टी मात्र कोणी बाजारात आणलेली नाही. ती आणण्याचा एक मोठा प्रयत्न गेल्या शतकात झाला, आणि तोही कोणा ऐऱ्यागैऱ्याने नव्हे, तर ज्याने आपले चंडीगड आखले त्या ल कॉर्बुझिएने केला. या पट्टीची परीक्षा त्याने स्वतःच्या अंगावर घेतली ती फ्रान्सच्या दक्षिणेला, एका खडकाळ किनाऱ्यावर उभारलेल्या सहा लाकडी खोल्यांत. त्यांतली एक त्याने स्वतःसाठी बांधली. पाच, पैसे देऊन सुटीला येणाऱ्या पाहुण्यांसाठी. पहिलीवर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले आहेत. पाचांच्या वाट्याला बहुधा तळटीप येते. मला हा न्याय उलटा वाटतो, आणि तो का उलटा वाटतो हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

रोकब्रून हे गाव भूमध्य समुद्राच्या काठी, मोनाकोच्या चिमुकल्या राज्याशेजारी आहे. गावाचे काप मार्तां नावाचे भूशिर समुद्रात घुसले आहे. लहानशा स्टेशनावर उतरायचे आणि खडकाला बिलगून गेलेल्या पायवाटेने चालू लागायचे. पूर्वी या वाटेने जकातीचे शिपाई गस्त घालीत. आज तिला कॉर्बुझिएचे नाव दिले आहे. मी गेले होते ते एप्रिल महिन्यात. एका अंगाने आगगाडी धडधडत जाते, दुसऱ्या अंगाला लाटा कपारीत आपटतात, आणि उपसागरापलीकडे मोनाकोच्या उंच इमारती एकमेकींच्या खांद्यावर उभ्या असल्यासारख्या दिसतात. उतार असा की दगडी बांध घालून जमीन पायऱ्यापायऱ्यांची केल्यावाचून तिथे पाऊल ठरू नये. या उतारावर हाकेच्या टापूत चार गोष्टी आहेत : १९२९ साली पुरे झालेले एक पांढरे घर, १९४९ साली उघडलेली एक खाणावळ, १९५२ सालचे कॉर्बुझिएचे खोपट आणि १९५७ सालच्या पाच खोल्यांची ओळ. चौघांची गोष्ट एकमेकांत गुंतलेली आहे. एकट्या खोपटाचे कौतुक करून परत फिरणारा प्रवासी गोष्टीतले फक्त एकच पात्र पाहून येतो.

तरी सुरुवात खोपटापासूनच करू. बाहेरून पाहिले तर एखाद्या लाकूडतोड्याची झोपडी वाटावी. सालीसकट चिरलेले ओंडके भिंतींवर जडवले आहेत, वर एका बाजूला उतरते छप्पर, आणि कॅरोबच्या मोठ्या झाडाची सावली. आधुनिक वास्तुकलेचा महर्षी इथे राहत होता हे सांगितल्याशिवाय कळणार नाही. आत गेल्यावर मात्र कळते. दारातून सत्तर सेंटीमीटर रुंदीची बोळकांडी लागते. तिच्या टोकाला वळले की ३६६ सेंटीमीटर लांब आणि तितकीच रुंद, २२६ सेंटीमीटर उंच अशी ती खोली. आपल्या हिशेबाने बारा फूट चौरस आणि साडेसात फुटांहून किंचित कमी उंची. जमीन पिवळ्या रंगाची. प्लायवुडच्या भिंती. बिछान्याखाली खण, खिडकीखाली तिरपे टेबल, बसायला लाकडी खोकी, एक हात धुण्याचे भांडे आणि लाल पडद्यामागे संडास. खिडक्या अवघ्या सत्तर सेंटीमीटरच्या. त्यांच्या झडपांच्या आतल्या अंगाला आरसा बसवला आहे, म्हणजे झडप उघडली की समुद्राचा एक तुकडा खोलीत येऊन बसतो. ही झडप मला फार आवडली. दोन फुटांच्या भोकातून अख्खा समुद्र दाखवण्याची ही युक्ती आमच्याकडच्या कुठल्याही सुताराला पटावी अशी आहे.

मांडणीतही एक चतुराई आहे. २२६ बाय १४० सेंटीमीटरचे चार आयत एका लहान चौकोनाभोवती पंख्याच्या पात्यांसारखे फिरवले आहेत. एकात बिछाना, एकात टेबल, एकात कपडे, एकात दुसरा बिछाना. रांगोळी काढणाऱ्या मुलीला ही आकृती चटकन उमजेल. १९५१ सालच्या ३० डिसेंबरला, खाणावळीच्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसून, आपल्या बायकोला वाढदिवसाची भेट म्हणून, पाऊण तासात आपण हा नकाशा काढला, असे कॉर्बुझिए सांगत असे. पाऊण तासावर माझा फारसा विश्वास नाही. मोठी माणसे आपल्या कामाचा वेळ सांगताना नेहमीच काटकसर करतात. नकाशावरून सारे भाग कॉर्सिका बेटावर आझाक्सिओ गावी शार्ल बार्बेरिस या सुताराच्या कारखान्यात तयार झाले आणि इथे आणून जोडले गेले.

आता हे २२६ आणि ३६६ आले कुठून, ते सांगायला हवे. कॉर्बुझिएने माणसाच्या शरीरावरून मापांची एक मालिका बसवली होती आणि तिला मोड्यूलर असे नाव दिले होते. हात वर करून उभा राहिलेला माणूस म्हणजे २२६ सेंटीमीटर. त्या माणसाची उंची आधी १७५ सेंटीमीटर, साधारण फ्रेंच माणसाची, धरली होती. पुढे ती १८३, म्हणजे पुरी सहा फूट केली. का केली? तर इंग्रजी गुप्तहेरकथांतले देखणे पोलीस नेहमी सहा फूट उंच असतात म्हणून! ही गंमत त्याने स्वतःच लिहून ठेवली आहे, मी पदरची घालत नाही. पण गमतीवर सोडून देण्याजोगी ती नाही. अवघ्या मानवजातीचे घर ज्या मापावर शिवायचे, ते माप एका कादंबरीतल्या शिपायाचे. त्यात माझ्या आजीची पावणेपाच फूट उंची कुठे बसते? वरच्या फडताळातला डबा काढताना ती स्टुलावर चढायची. त्या खोपटातली छताजवळची सामान ठेवायची जागा पाहताना मला पहिल्यांदा तीच आठवली.

आणखी एक आकडा मांडते. बारा बारे एकशेचव्वेचाळीस. हा कॉर्बुझिएच्या खोपटाचा चौरस फुटांतला हिशेब. मुंबईत वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे १९२०च्या दशकात उभ्या राहिलेल्या बी. डी. डी. चाळींतली एक खोली होती १६० चौरस फुटांची. म्हणजे गिरणीत काम करणाऱ्या आपल्या माणसाला या जगद्विख्यात वास्तुकारापेक्षा सोळा चौरस फूट जागा जास्त होती! फरक इतकाच की त्या खोलीत आठ-दहा माणसे राहत, तिथेच चूल पेटे, तिथेच बाळंतपण होई, आणि ती खोली पाहायला कोणी परदेशातून येत नसे. आता त्या चाळींच्या जागी पाचशे चौरस फुटांच्या घरांचे मनोरे उभे राहत आहेत, आणि ते मिळावे म्हणून तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षे वाट पाहिली. थोडक्यात पुरते, हे तत्त्वज्ञान त्यांना कोणी सांगायला गेले असते तर काय उत्तर मिळाले असते ते सांगायला नको. पॅरिसात ज्याचे प्रशस्त घर आहे त्याने उन्हाळ्यापुरते बारा फुटांत राहणे आणि ज्याला दुसरी जागाच नाही त्याने राहणे, या दोन गोष्टींना एकच नाव देता येत नाही.

मग खोपट खोटे का? नाही. त्यात राहणारा माणूस खरोखर सुखी होता. पुढे १९५४ साली त्याने शेजारी कामासाठी एक छोटीशी टपरी तेवढी घातली. दरवर्षी उन्हाळ्यात तो इथे येत असे, आणि १९६५ सालच्या २७ ऑगस्टला याच किनाऱ्यावर पोहताना त्याला मरण आले. पण त्या सुखाचे रहस्य मापात नव्हते. ते एका दारात होते, आणि मार्गदर्शक ते दार घाईघाईने दाखवून पुढे जातात. मी सांगितलेल्या त्या बोळकांडीत एक दार आहे. ते उघडले की माणूस थेट शेजारच्या खाणावळीत. खोपटात स्वयंपाकघर नाही. चूल नाही, भांडे नाही, मिठाचा खडा नाही. ते सारे भिंतीपलीकडे होते. तोमा रेब्युतातो नावाच्या, मूळच्या नीस शहरातल्या नळकाम करणाऱ्या एका गृहस्थाने १९४९ साली समुद्रातल्या तारामाशाचे नाव देऊन ही खाणावळ काढली. त्याच वर्षी कॉर्बुझिए आपल्या सहकाऱ्यांसह खालच्या पांढऱ्या घरात येऊन राहिला होता, आणि जेवायला वर येऊ लागला. तिथून स्नेह जमला. जागाही रेब्युतातोचीच.

एवढे पाहिले म्हणजे बारा फुटांचे कोडे सुटते. खोली लहान राहू शकली, कारण तिचे स्वयंपाकघर, तिची बैठक, तिची ओसरी शेजाऱ्याकडे होती, आणि तिची न्हाणी म्हणजे समुद्र. भिंतीपलीकडे कोणी तरी मासे साफ करीत होते, कांदा चिरत होते, ताटे विसळत होते. लहान खोली राहण्याजोगी होते ती खोलीबाहेर काय आहे त्यावर. चाळकऱ्यांना हे कोणी शिकवावे लागले नाही. गॅलरी, जिना, शेजारच्या काकूंचे घर आणि खालचे पटांगण यांच्या जिवावरच त्या एकशेसाठ फुटांत पिढ्या वाढल्या. कॉर्बुझिएचे मोठेपण असे की त्याने हे दार लपवले नाही, नकाशात स्वच्छ काढले. त्याच्या भक्तांनी मात्र दार बंद केले, खोपट उचलले आणि एकांतात तपश्चर्या करणाऱ्या ऋषीची पर्णकुटी म्हणून जगापुढे मांडले. ऋषीच्या पर्णकुटीलाही लागून कोणाची तरी चूल असतेच. आपल्या पुराणांतही ती फारशी दिसत नाही, ही गोष्ट वेगळी.

खालच्या पांढऱ्या घराविषयी बोलणे आता टाळता येत नाही. आयलीन ग्रे या आयरिश बाईंनी जाँ बादोविची या आपल्या स्नेह्यासाठी १९२६ ते १९२९ या काळात ते बांधले. घराचे नाव म्हणजे दोघांच्या आद्याक्षरांची गुंफण आहे. हेही फार मोठे घर नव्हे. पण ग्रेबाईंनी प्रश्नच दुसऱ्या टोकाने धरला. माणसाला किती कमी पुरेल, हे त्यांनी विचारले नाही. चार माणसे लहान घरात एकमेकांच्या अंगावर न येता कशी राहतील, हे विचारले. बिछान्यात बसून न्याहारी करणाऱ्यासाठी वरखाली होणारे टेबल, उशाशी वाचायचा दिवा, बाहेर पडायला ज्याची त्याची वाट. पाहुण्याला संकोच वाटू नये याची काळजी तिथे प्रत्येक कडीकोयंड्यात दिसते. असले घर करायला माप लागतेच, पण आधी माणसाकडे पाहावे लागते.

आणि या घराच्या मोकळ्या भिंतींवर १९३८-३९ साली कॉर्बुझिएने मोठमोठी चित्रे रंगवली. ग्रेबाईंना विचारले नाही. त्यांनी याला विध्वंस मानले. आपण कोणाकडे चार दिवस पाहुणे म्हणून जावे आणि यजमानीण घरात नसताना तिच्या दिवाणखान्याच्या भिंती रंगवाव्यात, तसलाच हा प्रकार. चित्रे चांगली की वाईट, हा वाद मला निरर्थक वाटतो. चांगली असती तरी त्या भिंती त्याच्या नव्हत्या. पुढे याच माणसाने त्याच घराच्या वरच्या अंगाला, तिथून खाली दिसेल अशा जागी, संयमाचा वस्तुपाठ म्हणून आपले खोपट उभारले. थोडे घ्यावे, हे ज्याने जगाला सांगितले त्याला दुसऱ्याची रिकामी भिंत मात्र रिकामी ठेवता आली नाही. खोपटाच्या कौतुकात हा हिशेब धरलाच पाहिजे.

म्हणूनच मला त्या पाच खोल्या महत्त्वाच्या वाटतात. खोपटासाठी मिळालेल्या जागेचे मोल कॉर्बुझिएने पैशांत फेडले नाही. रेब्युतातोला सुटीतल्या पाहुण्यांना भाड्याने देता येतील अशा पाच खोल्या आखून देऊन फेडले. १९४९ साली या उतारासाठी त्याने मोठी योजना आखली होती. उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणारी सुटीतली घरे. ती कागदावरच राहिली. प्रत्यक्षात आली ती ही ओळ. खांबांवर उभी केलेली, म्हणून उतार फारसा खोदावा लागला नाही. एकच छप्पर, पाच दारे, आणि भिंतीवर उघडे, झळझळीत रंग. दुरून पाहिले तर जत्रेतल्या दुकानांची रांग वाटावी. प्रत्येक खोली २२६ बाय ३६६ सेंटीमीटरची, म्हणजे जेमतेम नव्वद चौरस फुटांची. दोघांपुरते बिछाने, धुण्याचे भांडे, समुद्राकडे खिडकी, हवेसाठी एक उभी फट. बस्स.

इथे तत्त्वज्ञानाला भाडेकरू मिळाला, आणि त्यामुळे त्याचा सूरच पालटला. स्वतःसाठी बांधलेल्या खोपटात कॉर्बुझिए सालीचे ओंडके लावून रानटीपणाचा थोडासा आव आणतो. इथे तो आव नाही. साध्या फळ्या आहेत आणि रंग आहे. खोपटातला माणूस सहा फूट उंच महापुरुष आहे. इथे येणारा दोन आठवड्यांच्या रजेवर आलेला, ओला टॉवेल कुठे टाकावा या विवंचनेत असलेला सामान्य माणूस आहे. त्याला झोपायला जागा, सामानाला कोपरा आणि सकाळी दार उघडल्यावर समुद्र, इतके दिले आणि बाकीचे सारे बाहेर ठेवले. जेवण खाणावळीत, गप्पा तिच्या वेलींखालच्या गच्चीवर, अंघोळ लाटांत. एकट्या कॉर्बुझिएला जे दार होते, ते इथे पाचांना वाटून दिले आहे. फळ्यांच्या भिंतीपलीकडचे घोरणे ऐकू येत असणार, यात मला शंका नाही. मूल बरोबर असेल तर त्याला कुठे झोपवायचे याचेही उत्तर त्या खोलीत मला सापडले नाही, आणि हा दोष लहान नाही. तरीसुद्धा ही ओळ पाहताना मला प्रथमच वाटले की या माणसाला पाहुणा म्हणजे काय ते समजले होते. इथे तो कोणाला धडा देत नाही. तो यजमानाला मदत करतो आहे.

या खोल्यांची नातवंडे आज जगभर दिसतात. नॉर्वेच्या उत्तरेला स्टाइगेन भागात मान्सहाउसेन नावाच्या बेटावर, ध्रुवप्रदेशाचे प्रवासी ब्योर्गे ऊसलान यांच्यासाठी स्नोरे स्टिनेसेन या वास्तुकाराने २०१५ साली पाहुण्यांसाठी अशाच खोल्या केल्या. जुन्या दगडी धक्क्यावरून त्या समुद्रावर पुढे आल्या आहेत, आणि समुद्राकडची भिंत सबंध काचेची. छायाचित्रांत त्या देखण्या दिसतात. त्याच किनारपट्टीवर बाराव्या शतकात ऑयस्टाइन राजाने मासेमारीच्या हंगामात येणाऱ्या कोळ्यांसाठी निवारे बांधले होते. तेव्हा समुद्रावर डोकावणाऱ्या लहान खोलीची तिथली परंपरा जुनी आहे. मी तिथे गेलेली नाही, म्हणून अधिक बोलत नाही. पण काचेच्या भिंतीविषयी माझी एक तक्रार आहे, आणि ती त्या एका बेटापुरती नाही. सत्तर सेंटीमीटरच्या खिडकीशी माणसाला उठून जावे लागते, झडप फिरवावी लागते, समुद्र शोधावा लागतो. सबंध काच लावली की समुद्र चोवीस तास अंगावर येतो, आणि तिसऱ्या दिवशी पाहुणा त्याच्याकडे पाठ करून पुस्तक वाचू लागतो. शिवाय असल्या खोल्यांच्या जाहिरातींत शांतता आणि एकांत यांचीच महती असते. शेजारच्या खाणावळीचे दार त्यांत क्वचितच दिसते. साधेपणा महाग झाला की पहिल्यांदा शेजारी नाहीसा होतो.

२०१६ साली युनेस्कोने कॉर्बुझिएच्या सात देशांतल्या सतरा वास्तू एकत्रितपणे जागतिक वारशाच्या यादीत घातल्या. त्यांत आपल्या चंडीगडचे राजधानी-संकुल आहे आणि हे बारा फुटांचे खोपटही आहे. चंडीगडचे सचिवालय २५४ मीटर लांब आहे. म्हणजे एकाला एक लावून ठेवली तर तेवढ्या लांबीत ही खोपटी सुमारे सत्तर बसतील. दोन्ही कामे एकाच सुमारास एकाच माणसाच्या मेजावर होती. यादीत नाव आहे ते खोपटाचे. पाच खोल्यांचे वेगळे नाव नाही.

खाणावळवाल्याचा मुलगा रॉबेर लहानपणापासून हे सारे पाहत होता. तो वास्तुकार झाला आणि कॉर्बुझिएच्या पॅरिसच्या कचेरीत त्याने कामही केले. २००० साली त्याने आणि त्याच्या पत्नीने ती खाणावळ आणि त्या पाच खोल्या फ्रान्सच्या किनारे राखणाऱ्या सरकारी संस्थेला देऊन टाकल्या. खोपट त्या संस्थेकडे १९७९ सालीच आले होते. आता चारही वास्तू एकाच फेरीत पाहता येतात. एका वेळी मोजकीच माणसे आत सोडतात, त्यामुळे आधी नाव नोंदवावे लागते. आणि वाटेवर पायऱ्या फार आहेत, तेव्हा चपला चांगल्या घालाव्यात.